पाला कडू लागला त्या सकाळी

डॉ. मल्लिनाथ हिरेमठ यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते बाकावर उभे होते. बसलेले नव्हेत, उभे. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि चेहरा असा की हा माणूस आता खिडकीतून बाहेर उडी टाकणार. अक्कलकोट तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी परिचारिका म्हणून रुजू व्हायला आले होते. एस.टी.तून उतरून ट्रंक दारात टेकवली आणि आत पाहिले, तर खोलीच्या मधोमध रॉकेलचा डबा आडवा पडलेला. त्यातून एक जाडजूड घोणस अर्धी बाहेर आली होती आणि कुकरसारखी फुसफुसत होती. एका शेतकऱ्याच्या बायकोला ती चावली होती. डॉक्टरांना साप ओळखता यावा म्हणून त्या भल्या माणसाने ती मारून डब्यात घालून आणली होती. फक्त ती मेलेली नव्हती.

मी किंचाळून ट्रंकेवर चढले. बाकावरून डॉक्टर म्हणाले, “नव्या सिस्टर काय ओ तुम्ही? भ्यायलात? बरं झालं. न भिणारी सिस्टर मला नको होती.”

शिपायाने डब्यावर घमेले पालथे घातले, वर दगड ठेवला. डॉक्टर बाकावरून खाली उतरले, आणि त्या क्षणापासून मला जो माणूस दिसला तो निराळाच होता. खाटेवरच्या बाईचा पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होते. डॉक्टर तिच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि कन्नडमध्ये म्हणाले, “अंजबेड्री, अव्वा.” भिऊ नका, आई. पुढे कितीतरी वर्षे मी हा शब्द ऐकला. मराठी माणूस असो, कन्नड असो, शहरातला तेलुगू विणकर असो, डॉक्टरांच्या तोंडून पहिला शब्द तोच यायचा. स्वतः मात्र ते भीत असत आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

मी शकुंतला. सोलापूरची. वडील गिरणीत कामाला होते, मी आमच्या वस्तीतली पहिली नर्स. डॉक्टरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे, आणि संपादक मंडळाने मला कळवले की सिस्टर, दोन-चार गोड आठवणी द्या. गोड आठवणी देणारे पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल द्याव्यात. मला माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहायचे आहे. त्या चुकीची किंमत डॉक्टर आजपर्यंत मोजत आले आणि मी गप्प बसले. मी अजून सरकारी नोकरीत आहे. हे छापून आल्यावर काय होईल याची मला भीती वाटते, आणि ती भीती मी आधीच सांगून टाकते.

पण त्याआधी डॉक्टर काम कसे करीत ते सांगायला हवे, नाहीतर माझी चूक किती मोठी होती ते कळायचे नाही.

साप चावलेला माणूस आला की आमच्या केंद्रात आरडाओरडा नसे. आरडाओरडा बाहेर असे, अंगणात. आत डॉक्टर एकेक गोष्ट क्रमाने करीत. आधी रुग्णाला आडवे करायचे, चालू द्यायचे नाही. मग बांधलेली दोरी बघायची. आमच्याकडे लोक बैलाचे चऱ्हाट करकचून आवळून आणीत, आणि हात काळानिळा पडलेला असे. एका तरण्याताठ्या गड्याचा हात विषाने नव्हे, चऱ्हाटाने गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले. डॉक्टर ओरडून सांगत, “फडकं बांधा ओ, रुंद फडकं! त्याच्याखालून बोट गेलं पायजे. आणि पत्तीनं चिरू नका, तोंडानं चोखू नका. हातपाय हलू देऊ नका आणि हितं आणा. एवढंच काम तुमचं, बाकीचं माझं.”

मग सापाच्या विषावरची लस. पावडरीच्या कुपीत पाणी सोडून ती तळहातांत हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर फेस येतो. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, ती एखाद्याला सोसत नाही, आणि मग साप राहिला बाजूला, लसच जीव घेते. म्हणून लसीची सुई लावण्याआधी, उतारा म्हणून, ॲड्रेनॅलिन भरलेली दुसरी सिरिंज ट्रेमध्ये तयार हवी. ती भरणे हे माझे काम. पहिल्या वर्षी मी एकदा म्हटले, “साहेब, लागेल तेव्हा भरू की.” डॉक्टरांनी हातातली कुपी खाली ठेवली. “सिस्टर, लागेल तेव्हा तुमचे हात कापत असतील. माझेही कापत असतील. म्हणून आधी.” त्यानंतर मी कधी विसरले नाही.

आणि खरेच, त्यांचे हात कापत. लस सोडताना ते घड्याळाकडे बघत नसत, रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत. पहिली पाच-दहा मिनिटे खोलीत कुणी बोलायचे नाही. अंगावर पित्त उठते का, ओठ सुजतात का, श्वास घरघरतो का.  सगळे ठीक गेले की डॉक्टर मागच्या दाराने बाहेर जाऊन रांजणातले पाणी घटाघटा पीत. एकदा मी विचारले, इतक्या वर्षांनी अजून भीती वाटते? तर म्हणाले, “ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मला घरी पाठवा.”

बहात्तरच्या दुष्काळात तर भीती आमच्या अंगवळणीच पडली. सगळा मुलूख खडी फोडायला बसला होता. बायाबापड्या उन्हातान्हात दगड उचलत, आणि दगडाखाली फुरसे. वीतभर साप, पण चावले की रक्त गोठायचे थांबते. सुईच्या टोचणीतून रक्त वाहत राहते, लघवीतून येते. डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर उभे ठेवीत आणि मला वीस मिनिटांनी नळी तिरकी करायला सांगत. गोठले असेल तर जीवात जीव यायचा. पाण्यासारखे हलले की समजायचे, विष भिनले. ती वीस मिनिटे काढणे म्हणजे शिक्षा होती.

डॉक्टर कामावरच्या मुकादमांना भेटले. म्हणाले, दगडाला आधी पहार लावून उलटा करायचा, मगच हात घालायचा. मुकादम म्हणाला, “सायेब, असं केलं तर काम व्हनार कवा?” डॉक्टर म्हणाले, “न केलं तर काम करनारं कोन उरनार?” आणि मग स्वतः पहार घेऊन दिवसभर त्या बायांमध्ये बसले. दर दगडाला आधी पहार. संध्याकाळी हाताला फोड आलेले. दुसऱ्या दिवशी बाया आपणहून पहारी मागू लागल्या. यातले सगळेच वाचले असे मी म्हणणार नाही. पण त्या खडीवरून येणारी माणसे कमी झाली, हे मला माहीत आहे, कारण ट्रे मी भरत होते.

बाजारच्या दिवशी आम्ही दोघे झाडाखाली उभे राहून सांगत असू. जमिनीवर झोपू नका, बाजेवर झोपा. गोवऱ्यांच्या ढिगात, कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठी आपटा. निजायच्या खोलीत धान्याची पोती ठेवू नका. पोत्याला उंदीर येतात, उंदरामागे तो येतो. बाजेचे सांगायचे काम माझ्याकडे होते. बायका ऐकत. एखादी म्हणे, “आमच्यात बाज येक, मानसं सात. कुनी झोपायचं?” मी म्हणे, “लेकरांना झोपवा.” मोठ्या तोऱ्यात सांगत असे मी.

गावात सिद्धाप्पा म्हणून मांत्रिक होते. साप चावला की माणसे आधी त्यांच्याकडे जात. ते रुग्णाला देवळाच्या ओट्यावर बसवीत, कडुनिंबाचा पाला चघळायला देत. पाला कडू लागला तर विष चढलेले नाही, गोड लागला तर चढले. आमच्या भागातल्या अर्ध्या गावांत हीच पद्धत. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने सिद्धाप्पांशी भांडण काढले असते. डॉक्टर हिरेमठ त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हणाले, “मंत्र म्हणायला माझी ना न्हाय. फक्त आमच्या जीपमधी बसून म्हणा. जीप चालू असली की मंत्राचा गुण जातो असं कुटं लिवलंय काय?”

सिद्धाप्पांनी कपातला उरलेला चहा संपवला. “लिवलं न्हाय,” म्हणाले. त्या दिवसापासून सिद्धाप्पा जीपमध्ये. पुढे ड्रायव्हर, मागे रुग्ण, त्याच्या उशाशी डॉक्टर आणि पायाशी मंत्र पुटपुटणारे सिद्धाप्पा. मला हसू यायचे, पण माणसे केंद्रावर लवकर पोचू लागली हे खरे. पाल्याचे मात्र डॉक्टरांना फार वाईट वाटे. ते म्हणत, दोरी सोडता येते, जखम शिवता येते, पण पाला कडू लागला म्हणून निर्धास्त झोपलेल्या माणसाला उठवायला कोण जाणार?

आता ती सकाळ.

दुष्काळानंतरचा उन्हाळा. माझी धाकटी बहीण सुमन मॅट्रिकची परीक्षा देऊन माझ्याकडे राहायला आली होती. केंद्राच्या आवारातच माझी एक खोली, आणि त्या खोलीत एक खाट. सुमन म्हणाली, “आक्का, उकडतंय लई. मी फरशीवरच झोपते की.” शहाबादी फरशी, थंडगार. मी म्हटले, झोप. दर बाजारला गावाला बाजेचे सांगणाऱ्या बाईने आपल्या सख्ख्या बहिणीला जमिनीवर झोपवले. हे मी कुणाला सांगू?

सकाळी साडेसहाला ती पोट दुखते म्हणून उठली. म्हणाली, पहाटे काहीतरी दंडाला डसले, मुंगी असेल. मी दंड पाहिला. सूज नाही, लाली नाही, दोन टिंबे दिसली न दिसली अशी. मला मण्यारीबद्दल सगळे ठाऊक होते. डॉक्टरांनीच शिकवले होते की ती झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचे कळत नाही, सूज येत नाही, पोटात दुखते आणि मग सावकाश पापण्या मिटतात. मी हे दुसऱ्या सिस्टरना शिकवीत असे. आणि त्या क्षणी मी काय केले? बाहेर गेले, अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी मोडली, पाने धुतली आणि सुमनच्या तोंडात दिली.

धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव गेले, गंडेदोरे गेले, सटवाईसुद्धा गेली. पाला मात्र गेला नव्हता. लहानपणापासून बघितलेले अंगात कुठे दडून बसते ते वेळ आल्याशिवाय कळत नाही.

“कडू लागतंय?” मी विचारले.

“लई कडू. शी!”

मला इतके हायसे वाटले की मी हसले. म्हटले, झोप जरा, पोट दुखायचं थांबेल.

त्या वेळी डॉक्टर कुठे होते? माझ्या दारापासून वीस पावलांवर, आपल्या ओसरीवर चहा पीत बसले होते. मला दिसत होते. नुसती हाक मारली असती तरी पुरे होते. नाही मारली. कारण हाक मारली असती तर ते आले असते, फरशीवरचे अंथरूण त्यांनी पाहिले असते, आणि मला लाज वाटली असती. पाला कडू लागला होता, मग कशाला लाज पत्करा? मी आंघोळ केली, साडी नेसले, साडेआठला केंद्रात गेले आणि डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून ड्रेसिंगचा कापूस कापत राहिले. अर्धा तास.

नऊला जरा मोकळीक मिळाली म्हणून घरी डोकावले. सुमन भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. मला वाटले झोप येते आहे. ती म्हणाली, आणि तिचा आवाज जाड झाला होता, जीभ वळत नव्हती, “आक्का... तू... दोन दिसतेस.”

मी ओरडले. कशी ओरडले ते मला आठवत नाही, पण बाहेर ओळीत बसलेले सगळे रुग्ण उभे राहिले. डॉक्टर धावत आले. आयुष्यात त्यांना धावताना मी तेवढे एकदाच पाहिले. शिपायाने फरशीवरचे अंथरूण काठीने बाजूला सारले आणि मागे उडी मारली. अंथरुणाखाली काळीशार, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार होती.

“किती वाजता?” डॉक्टरांनी विचारले.

“आत्ताच, साहेब,” मी म्हणाले.

 मरणाच्या दारात असलेल्या सख्ख्या बहिणीसमोर मी खोटे बोलले. भीतीने बोलले, पण बोलले. सुमनने मान हलवायचा प्रयत्न केला, तिला जमले नाही.

सुमनला खाटेवर घेतले. तोंडात लाळ साचली होती, गिळता येत नव्हते. डॉक्टरांनी बोटाला गॉझ गुंडाळून तिचे तोंड साफ केले. बोट बाहेर आले तेव्हा गॉझवर हिरवा चोथा होता. कडुनिंबाचा. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. गॉझची घडी केली आणि पँटच्या खिशात घातली. मग अगदी हळू, बाकी कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “सिस्टर. आता खरं सांगा. किती वाजता?”

“पहाटेच, साहेब. मला कळलं साडेसहाला.”

“ट्रे आणा,” एवढेच ते म्हणाले.

मी ॲड्रेनॅलिन भरले. भरताना दोनदा सांडले, तिसऱ्यांदा भरले. लस सुरू झाली. सुमनच्या अंगावर पित्त उठले, थंडी वाजून दात वाजू लागले. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी त्यात ती सिरिंज ठेवली. थंडी थांबली. पण श्वास उथळ होत चालला. पापण्या पूर्ण मिटल्या. हात उचलला तर धपकन पडू लागला. डॉक्टरांनी सोलापूरहून मागून आणलेला एक रबरी फुगा होता, तोंडावर मास्क धरून हाताने दाबायचा. तो लावला आणि तिला उचलून जीपमध्ये घातले.

सिद्धाप्पा सवयीने आधीच जीपमध्ये येऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, “सिद्धाप्पा, आज मंत्र नको. हात द्या. मी सांगतो तसं दाबायचं, तसं सोडायचं.” सिद्धाप्पांनी फुगा हातात घेतला. डॉक्टर मास्क घट्ट धरून बसले आणि म्हणू लागले, “दाबा. सोडा. दाबा. सोडा.” तेवढ्या खडबडीत रस्त्यावर ती दोन माणसे माझ्या बहिणीसाठी श्वास घेत होती. मी तिचे पाय धरून बसले होते, दुसरे काही करण्याच्या लायकीची नव्हते.

वाटेत एकदा सिद्धाप्पांचा धीर सुटला. घामाने निथळत ते म्हणाले, “साहेब, गेली की ओ पोरगी. हालत न्हाय.”

डॉक्टर गरजले, “तोंड बंद! ती ऐकतेय!”

मी चमकून पाहिले. सुमन प्रेतासारखी पडली होती. डॉक्टर तिच्या कानाशी वाकले. “सुमनबाई, तुमाला सगळं ऐकू येतंय, मला ठाऊक हाय. डोळे उघडत न्हाईत ते विषामुळं. विष उतरतं. आमी श्वास देतोय. तुमी फक्त ऐकत ऱ्हावा. अंजबेड्री.” आणि सोलापूर येईपर्यंत ते तिच्याशी बोलत राहिले. कुठले गाव आले, कुठला ओढा ओलांडला, ऊस किती वाढलाय, मॅट्रिकला गणिताचा पेपर कसा गेला. उत्तर नव्हते, तरी बोलत होते. मी रडत होते, तर मला डोळ्यांनीच गप्प केले.

मोठ्या दवाखान्यात तिला यंत्रावर घेतले. चार दिवस ती तशीच. पाचव्या दिवशी तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. आठव्या दिवशी ती बोलली. मी पाणी पाजत होते, आणि तिने मला विचारले, “आक्का, तू ‘आत्ताच’ का म्हणालीस? मला ओरडायचं होतं ग. ओठच हालेनात.”

तिने सगळे ऐकले होते. माझे खोटे, सिद्धाप्पांचे ‘गेली की ओ’, डॉक्टरांचा ऊस आणि गणिताचा पेपर. ती म्हणते, अंधारात तो एकच आवाज होता, तो थांबला असता तर मी भीतीनेच मेले असते.

आता नोंदवही. आमच्या केंद्रात सर्पदंशाची वही डॉक्टर स्वतः लिहीत आणि तिच्यात त्यांनी एक रकाना जास्तीचा आखला होता: उपचाराला उशीर किती झाला आणि कशामुळे. मी परतले तेव्हा धीर करून वही उघडली. सुमनच्या नावापुढे डॉक्टरांच्या अक्षरात लिहिले होते: ‘उशीर – अडीच तास. कारण – डॉक्टर जागेवर नव्हते.’

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटले, साहेब, हे खोटे आहे. तुम्ही जागेवर होता. मी पाला दिला. तसे लिहा, मला काढून टाका.

डॉक्टर म्हणाले, “तसं लिहिलं तर काय होईल ओ? उद्या गाव म्हणेल, सिस्टरच आपल्या बहिणीला पाला देते, मग आपण का देऊ नये? तुमच्यावरचा विश्वास गेला की बाज गेली, काठी गेली, जीप गेली. बायका तुमचं ऐकतात, माझं न्हाय. माझं नाव गेलं तर एकट्याचं जाईल. जाऊ दे.” मग म्हणाले, “आणि आता पाल्याचं तुमीच सांगायचं बाजारात. तुमच्याइतकं पटवून दुसरं कोण सांगणार?”

मी सांगितले. अजून सांगते. मण्यार चावली तरी पाला कडूच लागतो बायांनो, जिभेचा आणि विषाचा काही संबंध नाही. कुणी विचारले की सिस्टर, तुमाला कसं ठाऊक, तर मी म्हणे, दवाखान्यात बघितले. तेवढेच अर्धे खरे.

काही महिन्यांनी वरून तपासणीला साहेब आले. त्यांनी ती वही वाचली. “अडीच तास? कुठे होता तुम्ही, डॉक्टर?” मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. डॉक्टर म्हणाले, “बाहेर होतो.” मी तोंड उघडले नाही. घरी म्हातारे वडील होते, सुमनचे पुढचे शिक्षण होते, आणि मी घाबरले होते. डॉक्टरांच्या सेवापुस्तकात शेरा गेला. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्याची जागा त्यांना मिळणार असे सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. डॉक्टर निवृत्त होईपर्यंत आमच्याच केंद्रात राहिले. माझ्याशी वागण्यात एका शब्दाचा फरक पडला नाही, आणि तेच मला सगळ्यात जड गेले.

या ग्रंथासाठी सोलापुरात पहिली बैठक भरली तेव्हा एक सद्गृहस्थ म्हणाले, माणूस देवासारखा, पण त्या सिस्टरच्या बहिणीच्या वेळी जागेवर नव्हते म्हणे. सगळे जरा हळहळले आणि चहा आला. माझ्या अंगाची लाही झाली. घरी येऊन सुमनला विचारले. ती आता शाळेत शिकवते, तिला दोन मुले आहेत. ती म्हणाली, “लिही की आक्का. मी तर तेव्हाच ओरडणार होते.”

गेल्या रविवारी हा लेख घेऊन मी डॉक्टरांच्या घरी गेले आणि त्यांना वाचून दाखवला. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “कशाला ओ सिस्टर? जुनं झालं. तुमची नोकरी हाय अजून.” मी म्हटले, साहेब, भीती वाटते, पण असे लेख माणूस गेल्यावर लिहिणे फार सोपे असते, आणि मला तसली सोपी गोष्ट करायची नाही. ते उठून आत गेले, आणि रांजणातून पाणी पिण्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, आणि ते धडधाकट मिळो. हातांचे कापणे आता थांबो, कारण ट्रे आता दुसऱ्यांनी भरायचे आहेत. सुमन, तिची मुले आणि मी, आम्ही सगळी तुमच्या पुढच्या वाढदिवसांनाही येणार आहोत. आणि यापुढे कुणी तुम्हाला विचारले की त्या सकाळी तुम्ही कुठे होता, तर माझ्यासाठी खोटे बोलू नका. सांगा, जागेवर होतो.